दस्तगीरचाचांची सूची

दस्तगीरचाचांवर लिहायला बसले तेव्हा पहिलं वाक्य तयार होतं : हा माणूस तडजोड करणारा होता. लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं : एवढा काटेकोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. तेही खोडलं. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि माझ्या हिशेबानं दोन्ही एका वेळी खरी असू शकत नाहीत. मी अशा घरात वाढले जिथे एका प्रश्नाला एकच उत्तर असायचं आणि ते जाड टायपात छापलेलं असायचं.

आमच्या घरी पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील दुष्काळी गावांच्या पाणी संघटनेचे कार्यकर्ते. 'जाहीर निषेध' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता येत होते. दुधाच्या पातेल्यावर पत्रक, डब्याच्या तळाला पत्रक, वह्यांना कव्हर पत्रकाचं. त्यामुळे संघटनेनं जुनी कागदपत्रं कॉम्प्युटरमध्ये घालायचं ठरवलं तेव्हा ते काम मी मागून घेतलं. सांगलीच्या ऑफिसात दोन लोखंडी ट्रंका होत्या. पत्रकं, सभांची इतिवृत्तं, अर्ज, तुरुंगातून आलेली पत्रं. हे सगळं कवठे महांकाळकडच्या चाळीस गावांत पोचवायचं, आणि कुणालाही हवा तो शब्द टाकून हवा तो कागद सापडला पाहिजे, असा ठराव झाला. ठराव करणं आम्हाला चांगलं जमतं. करणार कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, फलटणला एक बाइंडर आहे, तो करतो असलं काही.

बाइंडर? मला वाटलं थट्टा चालली आहे.

फलटणला स्टँडच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान होतं. अर्ध्या भागात पुठ्ठे, दोरा, खळीचं भांडं आणि कागद कापायचं जुनं यंत्र. उरलेल्या अर्ध्यात एक कॉम्प्युटर. तो त्यांच्या मुलानं, अल्ताफनं, शिरवळच्या एका कंपनीनं काढून टाकलेल्या मालातून आणला होता. दस्तगीर आतार साठीच्या जवळ आलेले, बारीक अंगाचे, पांढरी टोपी, आणि चष्म्याला एका बाजूला बाइंडिंगचा दोरा बांधलेला. मी बरोबर आणलेली ट्रंक उघडली. त्यांनी पहिलाच कागद उचलून नाकाला लावला.

"ह्यो छावणीतला कागद हाय. जनावराच्या दावणीजवळ ऱ्हायलाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "शोधणार कोण?"

"कुणीही."

"कुणीही म्हंजे कोण? नाव सांग. त्याला काय शोधायचंय ते सांग."

मी जनतेबद्दल बोलायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं, खळ ढवळली आणि म्हणाले, "जनता येऊ दे मग. तवर तू टायपिंगला बस, पत्रकवाली."

तेव्हापासून मी त्यांची पत्रकवाली झाले. वर्षभर दर आठवड्याला दोन दिवस मी तिथे टायपिंग करत होते.

त्यांनी हे काम मला ज्या पद्धतीनं समजावलं त्याहून सोप्या पद्धतीनं ते मला अजून कुणी समजावलेलं नाही. "हजार पानांचं पुस्तक हाय. त्यात बंधारा कुठं कुठं आलाय बघायचंय. हजार पानं चाळशील? न्हाई. मागं सूची आसती. बंधारा, पान सतरा, पान दोनशे चार. मशीन बी पानं वाचत न्हाई. सूची वाचतंय, म्हणून फटदिशी सांगतंय. लोक म्हणत्यात मशीन हुशार हाय. मशीन कसलं हुशार? ज्यानं सूची बांधली त्यो हुशार."

आणि ही सूची ते सॉफ्टवेअरच्या पोटातच घालणार होते. पानं, सूची आणि दाखवणारी खिडकी, सगळं एकाच ठिकाणी. पेनड्राइव्ह लावायचा आणि उघडायचं. इंटरनेट नको, काही बसवायला नको, कुणाला विचारायला नको. संघटनेतला पुण्याला नोकरी करणारा एक पोरगा एकदा त्यांना शहाणपण शिकवायला आला. म्हणाला, "चाचा, सरळ वेबसाइट करा ना. आता कोण पेनड्राइव्ह वापरतं?"

"बरं. रेंज घ्यायला कुठं उभं ऱ्हायाचं ते पण साइटवर लिव्ह. शाळंच्या गच्चीवर का टाकीवर?"

"येईल हो रेंज दोन वर्षांत."

"मग दोन वर्षांनी ये."

त्यांची एक सवय होती. काम दाखवायच्या आधी ते कॉम्प्युटरची नेटची वायर उपसायचे आणि तिचं टोक समोरच्या माणसाच्या हातात द्यायचे. "धरा." दाखवून होईस्तोवर माणूस ते टोक धरून बसायचा. आमचे अध्यक्ष, ज्यांनी मोर्चात कलेक्टरला घाम फोडला होता, तेही वायर धरून शाळेतल्या पोरासारखे बसलेले मी पाहिले आहेत.

एकदा त्यांनी आपल्या बायकोला, जुबेदाचाचींना, कॉम्प्युटरपुढे बसवलं. चाची चौथी शिकलेल्या. त्यांनी पेनड्राइव्ह लावला, चित्रावर दोनदा टिचकी मारली, आणि मशीननं विचारलं, चालवायची परवानगी आहे का? चाची लगेच उठल्या. "परवानगी मागतंय. मला काय ठावं? तुमच्या कुणाला तरी इचारा." आणि चहा टाकायला निघून गेल्या. मी हसले. चाचा हसले नाहीत. त्या एका प्रश्नापायी त्यांनी तीन आठवडे घातले. संघटनेचे फोन येत होते, तारीख जवळ येत होती. मी चिडून म्हटलं, "चाचा, एक बटण दाबायचंय फक्त."

"ती उठून गेली न्हवं?"

"त्यांना सांगता येईल की."

"कोण सांगणार? तू चाळीस गावांत बसणार हायस?"

तीन आठवड्यांनी तो प्रश्न यायचा बंद झाला. त्यांनी काय केलं ते मला आजही नीट कळलेलं नाही. त्याच झपाट्यात त्यांनी आणखी एक गोष्ट केली. गावच्या शाळांतले कॉम्प्युटर जुने, पान उघडायला वेळ लागतो आणि लोक तेवढ्यात कंटाळतात. म्हणून त्यांनी प्रत्येक शब्दाबरोबर त्याच्या आजूबाजूच्या दोन ओळीसुद्धा सूचीतच ठेवल्या. शब्द टाकला की त्या दोन ओळी ताबडतोब समोर. पान उघडो न उघडो. मला ही कल्पना फार आवडली होती.

पारूबाईंचं पान मला सापडलं ते त्याच दिवसांत.

माझ्या जन्माआधीची गोष्ट. गावच्या तलावातलं पाणी रात्रीतून सोडून वरच्या बागायतीकडे पळवलं जायचं. म्हणून लोकांनी तलावाच्या दाराला स्वतःचं कुलूप घातलं आणि चावी दत्तोबांच्या घरी ठेवली. दत्तोबा म्हणजे संघटनेचा विश्वासू माणूस. एका सकाळी कुलूप उघडं, तलाव निम्मा. संशय राखणदारावर आला. सभा भरली, त्याला गावाबाहेर काढायचं बोलणं सुरू झालं. आणि दत्तोबांची बायको पारूबाई उठल्या. इतिवृत्तात लिहिलं होतं : 'पारूबाई म्हणाल्या, चावी माझ्या घरातून गेली. माझ्या मालकांनी दिली. राखणदाराला सोडा.'

मी ते टाइप करताना माझे हात थांबले. दोन ट्रंकांमध्ये बाईचं नाव लिहिलेली एवढी एकच जागा होती. बाकी सगळीकडे 'महिला मोठ्या संख्येने उपस्थित होत्या'. आणि ही बाई भरल्या सभेत नवऱ्याविरुद्ध उभी राहिली होती! दत्तोबा पुढे पालटले, माफी मागून पुन्हा चळवळीत आले, दोनदा तुरुंगात गेले, मानानं वारले. सांगलीच्या ऑफिसात त्यांचा फोटो आहे. त्यांच्या माफीचा कागद कुठेच नव्हता. हे एवढंच पान होतं.

मला राहवलं नाही. मी त्यांच्या गावी गेले आणि पारूबाईंना ते पान वाचून दाखवलं. मला वाटलं होतं त्यांना अभिमान वाटेल. त्या शेंगा निवडत होत्या, निवडत राहिल्या.

आठ दिवसांनी त्या एकट्या एसटीनं फलटणला आल्या. एवढ्या लांब. दुकानात येऊन पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या, चाचीच्या हातचं पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आतारभाऊ, माझं पान काढायचं."

मी उसळलेच. "काकी, ते पान संघटनेचं आहे. त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते एका तरी पुरुषानं केलं का?"

"म्या केलं न्हवं? मग म्याच सांगती. काढा."

"पण का?"

"आगं, त्येंचा फोटू हाय हापिसात. घरात बी हाय. पोरं रोज सकाळी फोटूला हार घालत्यात आन् कामाला जात्यात. पोरास्नी ह्यातलं काय म्हाईत न्हाई. आता त्यांनी त्या हाराचं काय करायचं, सांग."

मी आवाज वाढवला. "म्हणजे ज्याला नको त्यानं येऊन पान फाडायचं का? उद्या पाणी पळवणारे बागायतदार येतील. त्यांचीही पानं काढणार का चाचा?"

"ते आले तर न्हाई काढणार," चाचा म्हणाले.

"का? नियम एकच पाहिजे ना?"

"आसंल."

"आसंल म्हणजे काय?"

ते पारूबाईंकडे वळले. "आक्का, नुस्तं पान का समदी सभा?"

"पान. राखणदार सुटला ते ऱ्हाऊ दे. त्येची पोरं हायत."

राखणदार निर्दोष असल्याचा ठराव पुढच्या पानावर होता, तो राहिला. मी संघटनेकडे तक्रार केली. समितीनं दोन तास चर्चा केली आणि दस्तगीरभाईंना योग्य वाटेल ते करावं असा ठराव केला. मी म्हणाले ना, ठराव करणं आम्हाला जमतं.

त्यांनी पान काढलं, पण बाइंडर काढतो तसं. बांधलेल्या पुस्तकातलं पान काढायचं तर ते मुळापासून उपटत नाहीत. कडेला बोटभर पट्टी ठेवून कापतात, नाहीतर त्याच्या जोडीचं पान सुटतं आणि पुढची शिलाई ढिली होते. चाचांनी तसंच केलं. कॉम्प्युटरमधून पानाचा फोटो आणि मी टाइप केलेला मजकूर काढून टाकला आणि त्या जागी कोरं पान ठेवून त्यावर एक ओळ लिहिली : हे पान काढले आहे. बाकी कशाला हात लावला नाही. मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही. पुढे पंधरा दिवस फलटणला गेलेही नाही.

कवठ्याला कार्यक्रम झाला. चाळीस गावांच्या चाळीस माणसांना चाळीस पेनड्राइव्ह दिले, प्रत्येक पेनड्राइव्हला गळ्यात अडकवायचा काळा दोरा. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर वायर धरली. लोकांनी शब्द सांगितले, चाचांनी कागद काढून दाखवले. एका म्हाताऱ्याला जुन्या अर्जावरचा स्वतःचा अंगठा सापडला, तो स्क्रीनजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिला. टाळ्या झाल्या. माझा राग तरीही गेला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी फलटणला गेले. भांडायलाच गेले होते. म्हटलं, "चाचा, आता बघा तुम्ही काय केलंय ते. टाकते हं नाव. ही बाई आता कुठेच नाही." आणि मी 'पारूबाई' हा शब्द टाकला.

काही येणार नाही अशी माझी खात्री होती. स्क्रीनवर दोन ओळी आल्या.

'पारूबाई म्हणाल्या, चावी माझ्या घरातून गेली. माझ्या मालकांनी दिली.'

खाली टिचकी मारली की कोरं पान. पण दोन ओळी तिथेच. पान गेलं होतं, सूची जुनीच होती. कापलेल्या पानाच्या शेजारी राहिलेल्या पट्टीवर तो मजकूर जसाच्या तसा बसला होता.

चाचा खुर्चीवरून उठले आणि परत बसले. टोपी काढली, मांडीवर ठेवली. त्यांचं उघडं डोकं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "एखाद्या इंजिनेरानं ही चूक केली नसती," ते म्हणाले. "बाइंडरनं केली."

मला आनंद व्हायला हवा होता. मला हवं तेच घडलं होतं : सत्य दाबलं गेलं नव्हतं, ते चाळीस गावांत पोचलं होतं, आणि त्यात माझा काही दोष नव्हता. मला आनंद झाला नाही. का झाला नाही, यावर मी नंतर पानंच्या पानं लिहून पाहिली आहेत.

चार दिवस दुकान बंद होतं. पाचव्या दिवशी चाचा नव्या पेनड्राइव्हची पिशवी घेऊन कवठ्याच्या एसटीत बसले. चाळीस गावं. काही एसटीनं, काही कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून. जुना घ्यायचा, नवा द्यायचा. लोक विचारत, "काय झालं चाचा?" ते म्हणत, "शिलाई उसवली हाय." त्यापुढे कुणी विचारलं नाही.

शेवटचे दोन दिवस मीही त्यांच्याबरोबर होते. खरं सांगायचं तर बहुतेकांनी तो उघडलाच नव्हता. कुणी देव्हाऱ्यात ठेवला होता, हळदकुंकू वाहून. कुणी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला होता. एका गावच्या तरुण कार्यकर्त्यानं आमचा सगळा इतिहास पुसून त्यात लग्नातली गाणी भरली होती. मी त्याला झापायला लागले. तो म्हणाला, "आवं ताई, वाजवून बघा की, लय भारी आवाज हाय." चाचांनी शांतपणे तो पिशवीत टाकला आणि त्याला नवा दिला. "ह्यात भरू नको. गाण्याला दुसरा घे."

"चाचा, तुम्हाला राग येत नाही?" मी रस्त्यात विचारलं.

"गाणी भरली ते बरंच झालं की. एक तरी काम आपोआप झालं."

एकोणचाळीस जमा झाले. राहिला तो पारूबाईंच्याच गावचा. तो त्यांच्या नातीकडे दिला होता, रोहिणीकडे. गावात बारावी झालेली आणि कॉम्प्युटर येणारी तीच होती.

आम्ही गेलो तेव्हा पारूबाई अंगणात बसल्या होत्या. दोन्ही मुलं रानात. रोहिणी आतून पाणी घेऊन आली. तिच्या गळ्यात काळा दोरा होता.

"आक्का, चूक झाली," चाचांनी उभ्याउभ्याच सांगितलं. "पान काढलं पण सूचीत ऱ्हायलं. बदलून द्यायला आलोय."

"ठावं हाय. पोरीनं वाचून दावलं."

"कुणी कुणी बघितलं?"

"हिनं आन् म्या."

चाचांनी सुटकेचा श्वास सोडला. नवा पेनड्राइव्ह काढून पुढे केला. पारूबाईंनी तो घेतला, पदराला पुसला, रोहिणीकडे दिला. "ह्यो बाबाला दे. कपाटात ठिव म्हणावं." मग नातीच्या गळ्यातल्या दोऱ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो माझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

"काकी!" मी ओरडलेच. "पान काढायला तुम्हीच आला होतात. आता तेच ठेवून घेताय? मग पान काढलं कशाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "तुला समद्याचं उत्तर लागतंय व्हय गं?"

"हो, लागतं."

"मग काढ शोधून. तुझ्याकडं मशीन हाय."

रोहिणी फिस्सकन हसली. चाचा हसले नाहीत, पण खाली बसले. इतका वेळ ते उभेच होते. चहा आला. त्यांनी दोन कप चहा प्यायला, पावसाचं विचारलं, राखणदाराच्या पोरांचं विचारलं. पेनड्राइव्हचा विषय काढला नाही. मी वाट बघत होते की आता ते मागतील. चाळीस गावं पालथी घालणारा माणूस चाळिसावा मागेल. ते उठले आणि म्हणाले, "येतो आक्का."

"या. चाचीला घिऊन या कवातरी."

स्टँडवर मी त्यांना धरलंच. "तुम्ही मागितला का नाही?"

"तिचा हाय त्यो."

"मग आपण एवढे दिवस काय गोळा करत होतो?"

"बाकीच्यांचे," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांची गाडी लागली.

मी हे सगळं तत्त्वाच्या भाषेत मांडायचा प्रयत्न केला. तिचे शब्द, म्हणून तिचा अधिकार. ठीक. पण त्या शब्दांनी एका निर्दोष माणसाला वाचवलं, म्हणजे ते त्याचेही. ठीक. ते एका चळवळीच्या कमजोरीची साक्ष आहेत, म्हणजे आम्हा सगळ्यांचे. तेही ठीक. तीन ठीक मिळून माझ्या हातात काही येत नाही.

पुढच्या वर्षी चाचांच्या डोळ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं, पण बारीक काम संपलं. दुकान बंद करून चाचा-चाची शिरवळला अल्ताफकडे गेले. कॉम्प्युटर मी आणला. नवी कागदपत्रं आली होती, नवी आवृत्ती बांधायची होती, आणि आता ती मलाच बांधायची होती. सहज म्हणून मी बदलून दिलेल्या पेनड्राइव्हपैकी एक लावला आणि तो शब्द टाकला.

पारूबाई. एक जागा सापडली.

दोन ओळी नव्हत्या. नुसतं नाव आणि पानाचा आकडा. टिचकी मारली की कोरं पान : हे पान काढले आहे.

एव्हाना मला हे काम थोडं कळत होतं. चाचांनी पानांवरून सूची नव्यानं बांधली असती तर ते नाव आपोआप येऊच शकलं नसतं, कारण आता ते एकाही पानावर नाही. म्हणजे सूची नवी असेल तर त्यांनी ते मागाहून मुद्दाम हातानं घातलं होतं. किंवा त्यांनी जुन्याच सूचीतल्या त्या दोन ओळी तेवढ्या पुसल्या आणि नाव राहून गेलं. ठेवलं किंवा राहिलं. मशीनमध्ये शोधून दोन्हीचा पुरावा मिळेना. चार दिवसांत चाळीस तयार करायचे होते, घाई होती. पण घाईतही परवानगीच्या एका प्रश्नाला तीन आठवडे देणारा हा माणूस.

मला ठरवायचं होतं. मी नवी सूची बांधली की ते नाव आपोआप जाणार. ठेवायचं असेल तर मला हातानं घालावं लागणार, म्हणजे जे कुठल्याच पानावर नाही ते सूचीत आहे असं सांगावं लागणार. खोटी नोंद. मी आयुष्यात खोटं पत्रक काढलेलं नाही.

म्हणून शिरवळला गेले. चाचा घरी नव्हते, अल्ताफचा डबा घेऊन कंपनीच्या गेटवर गेले होते. हायवेच्या कडेच्या रस्त्यावर ते उभे होते, हातात डबा, डोळ्यांवर काळा चष्मा. मी हाक मारली तेव्हा माझ्या आवाजावरून ओळखलं. "पत्रकवाली! जाड झालीस का बारीक? मला आता दिसत न्हाई धड."

मी सरळ विचारलं. "नव्या पेनड्राइव्हमध्ये पारूबाईंचं नाव आहे. ते तुम्ही ठेवलं की राहिलं?"

त्यांनी रस्त्याकडे तोंड वळवलं. ट्रक जात होते. "आठवत न्हाई बेटा."

मी विश्वास ठेवला नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या कागदाचा वास घेऊन तो कुठे राहिला ते सांगणारा माणूस. पण डोळ्यांवर काळा चष्मा होता, आणि मला त्यांचा चेहरा वाचता आला नाही.

"मग आता मी काय करू? काढू की ठेवू?"

"तिलाच इचार की."

"त्या गेल्या चाचा. दिवाळीच्या आधी."

त्यांना कुणी कळवलं नव्हतं. मी कळवायला हवं होतं. त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. मग पुटपुटत काहीतरी म्हणाले, दुवा असावी. नंतर विचारलं, "आन् तिच्यापाशी व्हता त्यो?"

"रोहिणीच्या गळ्यात आहे. मी गेले होते मातीला. ती म्हणाली, आज्जीनं सांगितलंय, कुणाला द्यायचा न्हाई."

"बाप मागत न्हाई का तिचा?"

"मागितला होता म्हणे. तिनं दिला नाही. का देत नाहीस विचारलं, तर म्हणाली, कवातरी सांगंन."

चाचांनी मान हलवली. एकदा, दोनदा. ते हो होतं की नाही, ते मला कळलं नाही. "मग तू नाव ठिव," ते म्हणाले. "ती पोरगी सांगंल तवा कुणीतरी शोधाय येईल. त्येला जागा तरी सापडू दे."

"पण पान कोरं आहे."

"आसू दे कोरं."

"ही खोटी नोंद होईल, चाचा."

"व्हय," ते म्हणाले.

मी वाट पाहिली. गेटवर भोंगा झाला, जेवणाची सुट्टी झाली. शे-दोनशे माणसं एकदम बाहेर आली, सगळी एकाच निळ्या कपड्यांत. चाचा डबा छातीशी धरून त्या लोंढ्यात शिरले. येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाजवळ वाकून बघायचे, नव्हे म्हणून मान हलवायचे, पुढच्याकडे वळायचे. पोरं हसून बाजूनं जात होती. ते एकेक चेहरा बघत राहिले. अल्ताफ कधीचा मागून येऊन त्यांच्या खांद्याजवळ उभा होता. त्यानं हाक मारली नाही. बापाचं बघून होऊ दिलं.